संकटाच्या दिवसांत देवाच्या काळजीवर भरवसा कसा ठेवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिचारिका होते. उमेदीची सगळी वर्षे एका मिशन दवाखान्याच्या वॉर्डात गेली. निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भगिनी मंडळाबरोबर आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाते. प्रार्थना संपून चहा आला की कोणीतरी हळूच म्हणते, "सिस्टर, एक विचारू का?" प्रश्न बहुतेक तेच असतात. पाळकसाहेबांना विचारायला लोक कचरतात, कारण प्रश्न विचारला म्हणजे आपला विश्वास कमी, असे त्यांना वाटते. तसे मुळीच नाही. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. पवित्र शास्त्र वाचताना आणि आजाऱ्याच्या खाटेशी बसून जे उमगले तेवढेच इथे लिहिते.

देव माझी काळजी घेतो, तर मग हे माझ्यावरच का आले?

तुमच्यावरच का, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ते आपल्याला ठाऊक आहे असे छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसापासून जरा लांबच राहा.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ काढा. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार करतो. मग पेत्राला धरून तुरुंगात टाकतो, आणि रात्री देवदूत येऊन पेत्राच्या हातांतल्या साखळ्या गळून पडतात. राजा तोच, मंडळी तीच, अध्यायही तोच. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षा उणा होता, असे हे पुस्तक लिहिणारा लूक कुठेही म्हणत नाही. पेत्र सुटल्याची बातमी याकोबाच्या आईच्या कानावर गेली असेल तेव्हा तिला काय वाटले असेल, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. शेजारच्या खाटेवरचा माणूस बरा होऊन घरी जातो आणि आपला जात नाही, तेव्हा त्या खाटेशी बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर मी तो प्रश्न पाहिला आहे.

एलीया संदेष्ट्याला तर देवानेच करीथ ओहोळापाशी पाठवले होते. कावळे सकाळ-संध्याकाळ त्याला भाकर आणि मांस आणून देत. आणि तरी, देशात पाऊस नाही म्हणून तो ओहोळ आटला (१ राजे १७). देवाने सांगितलेल्या जागीच बसलेल्या माणसाचे पाणी आटले! आमच्या नगर जिल्ह्यात ज्यांनी मार्च महिन्यात विहिरीचा तळ पाहिला आहे, त्यांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. ओहोळ आटला म्हणजे देव सोडून गेला, असा अर्थ एलीयाने काढला नाही. तो उठून सारफथला गेला. तिथे त्याला खायला घालणारी बाईसुद्धा मूठभर पिठावर आलेली विधवा होती.

हे माझ्या पापाची शिक्षा असेल का?

हा प्रश्न आयांना फार छळतो. मूल अपंग जन्मले की शेजारीपाजारी गेल्या जन्मीचे काढतात, आणि आपल्यातलेच काही जण घरात काही लपलेले पाप आहे का, म्हणून चौकशी करतात. बाई दोन्हीकडून चिरडली जाते.

प्रभू येशूपुढे हाच प्रश्न आला होता. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्हीला नाही म्हटले (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावली, ती यरुशलेमेत राहणाऱ्या इतर सगळ्यांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असेही त्याने सांगितले (लूक १३).

आता, वर्षानुवर्षे दारू पिऊन यकृत गेले तर तो दारूचा परिणाम आहे, हे मी रुग्णाला सरळ सांगत असे. पण परिणाम वेगळा आणि सूड वेगळा. ज्याने आपल्यासाठी वधस्तंभ सोसला तो आपल्या लेकरांच्या किडन्या सडवून हिशेब चुकता करत बसत नाही.

मला देवाचा राग येतो. प्रार्थनाच करवत नाही. हे पाप आहे का?

रागावूनही तुम्ही त्याच्याशीच बोलत असाल तर तुम्ही त्याला सोडलेले नाही. स्तोत्र १३ मध्ये दावीद देवाला विचारतो, कोठवर? एकदा विचारून थांबत नाही, चार वेळा विचारतो. स्तोत्र ८८ तर मला वॉर्डातल्या रात्रींसारखे वाटते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकले नाही. आपल्यासारख्यांना त्याचा केवढा आधार!

माझे यजमान आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात, तेव्हा चार महिने मला प्रार्थना जमली नाही. रिक्षात बसल्यावर मनात एवढेच यायचे, "बघ रे बाबा." त्यापुढे शब्द नसत. आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हे रोमकरांस पत्रातले वचन (८:२६) मी लहानपणापासून पाठ म्हणत आले होते. त्याचा अर्थ त्या रिक्षात कळला. तुमच्याने होत नसेल तेव्हा मंडळीला तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. पक्षाघात झालेला माणूस स्वतःच्या पायांनी येशूकडे गेला नव्हता, चौघांनी त्याला उचलून नेले आणि छप्पर उघडून खाली सोडले (मार्क २).

विश्वास असेल तर औषधे बंद करावीत का?

नाही. कोणी सांगितले तरी नाही, स्टेजवरून सांगितले तरी नाही.

इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, क्षयाचा कोर्स, मनाच्या आजाराची औषधे, यांतले काहीही डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. प्रार्थनेनंतर बरे झालो असे वाटत असेल तर आधी तपासणी करून घ्या. देवाने केलेले काम तपासणीला घाबरत नाही. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला त्याने मिलेतात आजारीच ठेवले आणि तो पुढे गेला. लूक स्वतः वैद्य होता. मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभा केला तो देवावर भरवसा होता म्हणूनच. प्रार्थना करून चाकू हातात घेणारे सर्जन मी पाहिले आहेत. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकमेकींच्या आड येताना कधी पाहिल्या नाहीत.

"देव पेलवेल तेवढेच ओझे देतो" हे वचन कुठे आहे?

असे वचन नाही. लोकांच्या डोक्यात १ करिंथ १०:१३ असते. ते मोहाच्या परीक्षेविषयी आहे, आणि मोहातून निभावण्याचा उपायही देव करील असे तिथे म्हटले आहे. दुःखाविषयी विचाराल तर तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, इतका की जगण्याचीही आशा उरली नाही. म्हणजे पेलवत नव्हते. पेलत नाही म्हणणाऱ्या विधवेला कृपा करून हे वाक्य ऐकवू नका. तिला वाटते आपणच कमी पडलो.

यिर्मया २९:११ आमच्या भिंतीवर लावले आहे. मग आमचे भले कधी होणार?

देवाच्या मनात आपल्या हिताच्याच योजना आहेत, हे ते वचन खरे आहे, भिंतीवर राहू द्या. फक्त त्याच्या आधीची ओळही वाचा. यिर्मयाचे हे पत्र बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना आहे, आणि दहाव्या ओवीत देव सांगतो की सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन. सत्तर वर्षे! पत्र ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कितीजण ते पाहायला उरणार होते? लवकर सुटका होईल असे सांगणारे संदेष्टे तेव्हाही होते, आणि देवाने त्यांना खोटे म्हटले.

मधल्या काळात काय करायचे तेही त्या पत्रात आहे. घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या शहरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. मला हे फार दिलाशाचे वाटते. संकट टळेपर्यंत जगणे थांबवून ठेवायला देव सांगत नाही. कर्करोगाचे उपचार चालू असतानाही अंगणात कढीपत्ता लावावा.

उद्याची चिंता करू नका म्हणतात. पण हप्ते, फी, दवाखान्याचे बिल, याचे काय?

निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठवा, रानात इस्राएल लोकांना देव आकाशातून देत असे ते अन्न. माणशी एक ओमर (हे तेव्हाचे माप), रोजच्या रोज. ज्यांनी पुष्कळ गोळा केला त्यांना जास्त झाला नाही, ज्यांनी थोडा केला त्यांना कमी पडला नाही. भीतीपोटी सकाळपर्यंत राखून ठेवला त्याच्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा, शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, आणि तो नासत नसे. चाळीस वर्षे देवाने त्यांना कोठार भरून दिले नाही, रोज जेवायला दिले. प्रभूच्या प्रार्थनेत आपण "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणतो, त्यातला 'आज' हा शब्द आपण पटकन म्हणून टाकतो. माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला शब्द तोच आहे. डायलिसिसच्या दिवसांत मी पुढच्या वर्षाचा विचार केला की हात गळायचे, आणि आजच्या फेरीपुरते बळ मागितले की ते मिळायचे. उद्याचे बळ आज कधीच मिळाले नाही.

पण मान्ना गोळा करायला तंबूबाहेर जावे लागे. तेव्हा काही गोष्टी सरळ करा. एका कागदावर देणे-घेणे लिहा, नवरा-बायको दोघांनी मिळून. खासगी सावकाराकडे जाण्याआधी मंडळीच्या वडिलांशी किंवा खजिनदाराशी बोला. बहुतेक मंडळ्यांत गरजूंसाठी थोडाफार निधी असतो, आणि तो मागणे ही भीक नव्हे. महाराष्ट्रात असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते रुग्णालय आहे ते विचारा. शिधापत्रिका आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. डायलिसिस त्या योजनेत बसते. आम्हाला हे उशिरा कळले, एका सफाई कामगार मावशींनी सांगितले. एलीयाला कावळ्यांनी भाकर आणली होती, आम्हाला या मावशींनी.

एक प्रचारक म्हणतात, इतकी रक्कम "पेरा", संकट जाईल. द्यावी का?

देऊ नका. देवाची काळजी विकत मिळत नाही. सैतानाने प्रभूला मंदिराच्या टोकावर नेले आणि देवदूत तुला झेलतील हे स्तोत्र ९१ मधले वचन ऐकवून उडी मार म्हटले. वचन खरे होते, त्याचा वापर खोटा होता. दान आनंदाने, ऐपतीप्रमाणे आणि आपल्या माणसांचे पोट न मारता द्यावे.

आपल्याकडचे कोणी असे भरवशाने जगले आहे का?

पंडिता रमाबाईंचे नाव सगळ्यांना माहीत असते, आयुष्य मात्र थोड्यांना. त्यांचा जन्म १८५८ चा. तरुणपणी दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि बहीण पाठोपाठ गेले. त्या आणि भाऊ श्रीनिवास, दोघेच उरले. उपाशीपोटी पायी हिंडत ते कलकत्त्याला पोचले, आणि १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले. दोन वर्षे व्हायच्या आत, १८८२ साली, पटकीने पती गेले, तेव्हा मांडीवरची मनोरमा वर्षाचीही नव्हती. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १८८३ साली इंग्लंडमध्ये.

इथे मला थांबावेसे वाटते. पुष्कळजण साक्ष सांगताना अशी सांगतात की आधी दुःख होते, मग प्रभू आला आणि सगळे सुरळीत झाले. रमाबाईंचे तसे झाले नाही. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, पुढे ती पुण्याला नेली, आणि धर्मांतराच्या वादात पालकांनी मुली काढून नेल्या. टीका तर सगळीकडून झाली, आपल्या ख्रिस्ती लोकांकडूनही. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभे राहिले, ते आजही आहे. जिने स्वतः भूक भोगली तिलाच त्या मुलींकडे पाहवेना आणि पाठही फिरवता येईना, असे मला वाटते. आईवडील का गेले याचे उत्तर रमाबाईंना मिळाले की नाही, कोण जाणे. पण त्या भुकेची आठवण देवाने वाया जाऊ दिली नाही.

शेवटही सोपा नव्हता. कामातला उजवा हात झालेली एकुलती एक मनोरमा १९२१ साली गेली. रमाबाईंना तेव्हा ऐकायला फारसे येत नव्हते, प्रकृती ढासळली होती, आणि पवित्र शास्त्राचे हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हातात होते. लेक गेल्यावरही त्या कामाला बसल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. केडगावला गेलात तर घाईने पाहून परत फिरू नका, आवारात थोडा वेळ बसा.

दुःखात असलेल्या घरी गेल्यावर काय बोलावे?

फार थोडे. सगळे काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडले आणि बिघडले. शेवटी देव त्यांच्यावर रागावला, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.

मूल गेलेल्या घरात "देवाला ते फूल आवडले म्हणून त्याने तोडले" असे म्हणू नका. ती आई त्यानंतर देवाकडे कशी पाहणार? आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू रडला, आणि काही क्षणांत त्याला उठवणार हे ठाऊक असतानाही रडला. तुम्ही रडलात तर चालेल. डबा न्या. दफनविधीच्या दिवशी घर माणसांनी भरलेले असते, तेव्हा नव्हे, दहा-पंधरा दिवसांनी न्या. भाकरी आणि पिठलेही पुरे. गॅस आला का, मुलांची शाळा सुरू झाली का, हे विचारा. गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला फोन करा आणि त्याचे नाव घ्या. नाव घेतल्याने दुःख उकरले जात नाही, नाव कोणीच घेत नाही याचे दुःख अधिक असते.

मरून जावेसे वाटते. विश्वासणाऱ्याला असे वाटू शकते का?

वाटू शकते. एलीयाला वाटले. कर्मेल डोंगरावर देवाचे एवढे मोठे सामर्थ्य पाहिलेला माणूस दुसऱ्याच अध्यायात रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे १९). देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले. देवदूताने उठवले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले होते. खाऊन तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवले, पुन्हा जेवू घातले, कारण वाट फार लांबची आहे, असे देवदूत म्हणाला. बोलणे झाले ते त्यानंतर. कोणत्याही परिचारिकेला ही उपचारांची क्रमवारी बरोबर वाटेल.

तेव्हा लाजू नका. आजच एका माणसाला सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते. डॉक्टरांनी गोळी दिली तर घ्या. घरात असा कोणी असेल तर त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशके आणि गोळ्या उचलून कुलपात ठेवा. प्रार्थना हे सगळे करता करता करा.

घरात मी एकटीच विश्वासात आहे. संकट आले की सगळे मला दोष देतात.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दूर राहिल्या, काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, आणि तो कोणी ओढून नेले म्हणून नव्हे. ताई, वाद घालू नका. सासूबाईंचे पाय चेपा, त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळा, आणि रविवारी एक तास उपासनेला जाण्याची परवानगी शांतपणे मागत राहा. मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सोसणे हा विश्वास नव्हे, पाळकांना आणि माहेरी लगेच कळवा.

इतकी प्रार्थना केली आणि माणूस गेलाच, तर?

माझे यजमान गेले. आम्ही उपास केले, मंडळीने साखळी प्रार्थना केली, तेलाचा अभिषेक झाला, आणि ते एका पहाटे गेले.

भट्टीपुढे उभ्या असलेल्या तिघांनी राजाला सांगितले होते की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही (दानीएल ३). ते 'नाही सोडवले तरी' मला आधी कोरडे वाटे, आता वाटत नाही. स्तोत्र २३ त्या दिवसांत रोज वाचायची, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या तीन ओव्यांत देवाविषयी बोलणे आहे: तो मला निजवतो, तो मला नेतो. मृत्यूच्या छायेच्या दरीत पाऊल पडते आणि शब्द बदलतो: तू माझ्याबरोबर आहेस. हिरवळीवर असताना ज्याच्याविषयी बोलायचे, दरीत त्याच्याशीच बोलायचे. त्यांचा हात हातात असताना मी ते स्तोत्र म्हटले, आणि त्या खोलीत आम्ही दोघेच नव्हतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, म्हणून ही ताटातूट कायमची मानत नाही. पण जेवायला बसले की समोरचे ताट नसते ते नसतेच, आणि तेही देवाला सांगते.

रात्री झोप येत नाही. काय करू?

उठून बसा, पाणी प्या, फोन दूर ठेवा. स्तोत्र १२१ वाचा, आठच ओव्या आहेत. तुझा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही, असे त्यात आहे. मी रात्रपाळीला असताना पहाटे तीनच्या सुमारास एखादा रुग्ण नुसताच हाक मारायचा, "सिस्टर?" काय हवे विचारले तर म्हणायचा, काही नाही, आहात ना पाहिले. मी "आहे" म्हणायचे, आणि तो कूस बदलून झोपायचा. तुम्हीही तशीच हाक मारा.